आव्र-ओ-मेझोंच्या लगूनमधला नारळ

इथे कॅनडात आमच्या ओळखीत बॅन्फच्या डोंगरांत जाऊन न आलेलं एकही मराठी घर नाही, आणि ईल-द-ला-मादलेनला जाऊन आलेलंही एक नाही. नकाशात क्यूबेक प्रांताच्या पूर्वेला समुद्राच्या मधोमध एक वाकडी रेघ दिसते, ती म्हणजे ही बेटं. क्यूबेकचीच, म्हणून भाषा फ्रेंच. पण घड्याळ माँट्रियलशेजारच्या आमच्या लव्हालच्या एक तास पुढे. मासेमारीवर जगणारी ही बेटं वाळूच्या लांब पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. पट्ट्याच्या एका अंगाला उघडा समुद्र, आणि दुसऱ्या अंगाला वाळूआड अडलेलं उथळ, निवांत पाणी. त्याला लगून म्हणतात. आम्ही उतरलो ते आव्र-ओ-मेझों हे गाव अशाच एका लगूनच्या काठावर आहे.

मी मूळची श्रीवर्धनची, त्यामुळे मासळीचं गाव हे एक कारण होतंच. पण खरं कारण होतं रुचा.

रुचा आमची मुलगी. लव्हालच्या फ्रेंच शाळेत वाढली, तिथल्या मुलांसारखंच फ्रेंच बोलते. आणि इतकी वर्षं माझं फ्रेंच म्हणजे रुचा. क्लिनिकमध्ये, गॅरेजमध्ये, काँडोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे ती बोलायची आणि मी शेजारी पर्स धरून उभी. मी संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा पास झाले, क्रियापदं आजही घडाघडा म्हणून दाखवीन. पण लव्हालमध्ये मी तोंड उघडलं आणि जरा अडखळले की समोरचा माणूस लगेच इंग्रजीवर येतो. तो चांगुलपणानंच येतो. त्या चांगुलपणामुळे माझं एकही फ्रेंच वाक्य आजवर शेवटपर्यंत गेलेलं नव्हतं.

ऑगस्टअखेर रुचा शिकायला व्हँकुव्हरला निघाली होती. नवऱ्याचं, प्रकाशचं, सगळं काम घरून, इंग्रजीत. त्याला 'मेर्सी बोकू', म्हणजे 'खूप आभार', याच्या पुढे फ्रेंच येत नाही आणि त्याचं काही अडतही नाही. म्हणजे आता घरात फ्रेंच बोलणारं माणूस मीच. ते जमणार की नाही, हे मला ती जायच्या आत कळायला हवं होतं. म्हणून जिथे कुणी इंग्रजीवर येणार नाही असं गाव मी शोधलं.

फेरीबोटीच्या रांगेत गाडी उभी असताना मी नियम सांगितला. "बेटांवर रुचानं माझ्या वतीनं एक शब्दही बोलायचा नाही."

"फॉर द होल वीक?" रुचानं विचारलं.

"होल वीक."

प्रकाश नागपूरचा. तो म्हणाला, "बाप्पा, मंग आपण उपाशीच राहतो. पोहे आणले ना तू?"

पोहे आणले होते. तांदूळ, आमसुलं, मसाला आणि दोन नारळही आणले होते.

गाव

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या सुरी बंदरातून फेरी सुटते. गाडीसकट जायचं तर हिवाळ्यातच बुकिंग करा. पोटात ढवळतं त्यांनी बोटीत खाऊन घेऊ नये; प्रकाशनं खाल्लं. भर उन्हाळ्यातही वारा अडवणारं जॅकेट हवं. छत्री नेऊ नका, तिचं काय होईल ते मी बघितलं आहे.

वारा हीच इथली पहिली ओळख. झाडं खुजी, एका बाजूला कललेली. घरं लाकडी, एकेकटी, हिरव्या डोंगरउतारांवर विखुरलेली, आणि रंग असे की आपल्याकडे होळीनंतरच दिसावेत: जांभळं, लिंबाच्या रंगाचं, लालभडक. कुंपणं नाहीत. किनाऱ्याचे कडे गेरूसारखे लाल. आणि प्रत्येक घरामागे दोऱ्यांवर कपडे. आमच्या काँडोत बाल्कनीत टॉवेल टाकला तरी ईमेल येते. इथे चादरी शिडांसारख्या फुगून फडफडत होत्या. ते बघूनच मला बरं वाटलं. पहिल्या संध्याकाळी मी धुण्यासारखं काही नसताना चार कपडे धुतले आणि वाळत घातले.

आमचं भाड्याचं घर पिवळं होतं. मागचं दार उघडलं की उतार, उताराखाली लगून. पाण्यात काळ्या-पांढऱ्या तरंगत्या पिंपांच्या ओळी दिसत होत्या, शेतातल्या सरींसारख्या सरळ. घरमालकीण ज्यानिन शेजारीच राहायची. सत्तरीची, ठेंगणी, हाताला सतत काहीतरी काम. तिला इंग्रजीचे दोनच शब्द येत होते, 'हॅलो' आणि 'गुडबाय', आणि ते ती दोन्ही एकदमच म्हणायची.

मासळीचं दुकान

दुसऱ्या दिवशी मी वाक्य पाठ करून धक्क्यावरच्या मासळीच्या दुकानात गेले. मला मसल्स हव्यात, तिघांपुरत्या. मसल्स म्हणजे काळ्या, लांबट शिंपल्या. काउंटरवरच्या मुलीनं ऐकलं, आणि इंग्रजीवर न येता फ्रेंचमध्येच भराभर काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मी 'वुई' म्हटलं, म्हणजे हो. तिनं आणखी विचारलं, मी आणखी 'वुई' म्हटलं. मागे रांग होती. रुचा दारापाशी उभी राहून छताकडे बघत होती.

बाहेर आले तेव्हा माझ्याकडे कांद्याच्या गोणीएवढी मसल्सची पिशवी, दोरीला बांधलेले धुरी दिलेले हेरिंग मासे, आणि एक डबा होता. डब्यात काय आहे ते प्रकाशनं झाकण काढून पाहिलं.

"हे काय होय?"

रुचानं वरचं लेबल वाचलं. "कॉड टंग्ज. फिश टंग्ज, बाबा."

प्रकाश डब्याकडे बघतच राहिला. "एवढ्या जिभा घेऊन आली, अन् एकही चालली नाही का तुझी?"

"आई, यू सेड यस टू एव्हरीथिंग," रुचा म्हणाली.

"मग तू का नाही बोललीस?"

"रूल."

राग आला, पण बरोबर होतं तिचं. मी गाडीत बसून विचार केला. न कळता 'हो' म्हणणं म्हणजे बोलण्यातून पळ काढणं, एवढंच. तेव्हा दुसरा नियम मी मला स्वतःला लावला: जे समजलं नाही, तिथे तसं म्हणायचं आणि पुन्हा सांगायला लावायचं. रांग असली तर असू दे.

मसल्स शिजवणं मात्र मला शिकवायला नको होतं. घासून, वाफवून, कांदा-लसणावर परतून, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि आमसुलं घालून कालवण केलं. त्यासाठी एक नारळ फोडला. जिभा ज्यानिनला विचारूनच करायच्या असं ठरवलं होतं, पण विचारायला जावं लागलंच नाही. स्वयंपाकघराचं दार उघडून ती आत उभी होती. टकटक नाही, हाक नाही. इथे सगळे असेच येतात, आणि स्वयंपाकघराच्याच दारानं. पुढच्या दारानं येणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो.

वासानं आले, असं ती म्हणाली. म्हणजे मला आधी ते कळलं नाही. आव्र-ओ-मेझोंची माणसं 'र' जवळजवळ गिळून टाकतात, आणि शब्द एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येतात. मी म्हटलं, समजलं नाही. तिनं तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, अजून नाही. तिनं नाकाकडे बोट केलं, पातेल्याकडे बोट केलं आणि खुर्ची ओढून बसली. तिला घाई नव्हती. आणि दुसरी भाषा तिच्याकडे नसल्यामुळे ती मला सोडून कुठे जाऊ शकत नव्हती.

तिनं पावानं वाडगा पुसून खाल्ला. जिभा पिठात घोळवून लोण्यात तळायच्या, एवढं सांगून स्वतःच तळून दिल्या. कुरकुरीत बाहेरून, आत मऊ. प्रकाशला मोजून वाटण्या कराव्या लागल्या इतक्या चांगल्या. मग तिनं आमच्यासाठी पो-तां-पो आणलं, पिठाच्या कवचात बटाटा आणि मासळी भरून भाजलेलं. मी विचारलं, तिखट का घालत नाही? ती म्हणाली, तुम्ही मासा लपवायला घालता का? माझं उत्तर व्याकरणात चुकलं, पण पोचलं. ती टेबलावर हात आपटून हसली. त्या दिवशी मी झोपायला गेले तेव्हा डोकं ठणकत होतं आणि मला खूप छान वाटत होतं.

पौर्णिमा

नारळी पौर्णिमा त्याच आठवड्यात आली, म्हणजे मी तशीच सुट्टी घेतली होती. लव्हालमध्ये आम्ही फक्त नारळी भात करतो. यंदा समुद्र शेजारी असताना नारळ न वाहणं मला पटेना. भरती-ओहोटीची वेळ मी आधीच काढून ठेवली होती. ओहोटी लागल्यावर उरलेल्या नारळाला हळद-कुंकू लावलं, वाळूवर उगवणारे रानगुलाब घेतले, आणि आम्ही तिघं मागच्या दारानं उतरून लगूनच्या काठी गेलो. समुद्राच्या बाजूला लाटा मोठ्या होत्या, तिकडे उभं राहवत नव्हतं. इथे घोटाभर पाणी, निवांत. खाडीतही नारळ सोडतातच, असा मी विचार केला. नारळ सोडला, हात जोडले. नारळ हेलकावत लांब गेला. रुचानं फोटो काढले. दोन घरांपलीकडची बाई चादर वाळत घालता घालता थांबून बघत होती. मी तिला हात केला.

वाऱ्याचा विचार मी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात असताना स्वयंपाकघराचं दार उघडलं. रबरी बूट घातलेला एक उंच, रापलेला माणूस आत आला, आमचा नारळ त्यानं टेबलावर ठेवला आणि एक लांब वाक्य बोलला. कुंकू अजून जागेवर होतं.

प्रकाश म्हणाला, "मेर्सी बोकू."

माणसानं त्याच्याकडे बघितलं, रुचाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रुचाचं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं.

मासळी विकत घेणं वेगळं. इथे आमच्या हातून काही गुन्हा झालाय का, हेही मला कळत नव्हतं. क्षणभर वाटलं, गेला नियम खड्ड्यात, रुचाला पुढे करावं. पण तीन आठवड्यांनी असंच कुणीतरी दारात येईल तेव्हा रुचा कुठे असणार होती? मी त्याला खुर्ची दिली, चहा ओतला आणि म्हटलं, समजलं नाही. पुन्हा सांगा.

त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला सगळ्याचा अर्थ लागला. त्याचं नाव एदगार. ज्यानिनचा चुलतभाऊ. पाण्यातली ती तरंगती पिंपं त्याची. त्यांच्याखाली दोरांवर तो मसल्स वाढवतो. वाऱ्यानं नारळ त्याच्या ओळींत आणून घातला होता. चादर वाळत घालणाऱ्या बाईनं तो कुणाचा ते सांगितलं.

"हे कशासाठी?" त्यानं विचारलं.

आता हे फ्रेंचमध्ये सांगायचं. पावसाळा हा शब्द मला आठवेना. मी म्हटलं: मी जिथली, तिथे उन्हाळ्यात मोठा पाऊस. समुद्र रागावलेला. बोटी जमिनीवर, मासे धरायचे नाहीत. मग एक पौर्णिमा येते. त्या दिवशी समुद्राला हे फळ द्यायचं आणि सांगायचं, आता शांत हो, आमची माणसं येतायत.

एदगारनं कप खाली ठेवला. "आमच्याकडे बर्फ असतो," तो म्हणाला. "हिवाळाभर बोटी जमिनीवर. वसंतात लॉब्स्टरला पहिल्यांदा निघतात तेव्हा पाद्री धक्क्यावर येऊन बोटींना आशीर्वाद देतो. अख्खं गाव येतं. माझी आई रडायची." मग त्यानं नारळ उचलून हातात फिरवला. "पण मादाम, समुद्राला द्यायचं होतं तर समुद्राला द्यायचं. हे तुम्ही माझ्या शेतात टाकलंत. मी काय करू याचं, पेरू का?"

मी हसले. भाषांतर होऊन कळलेल्या विनोदावर माणूस हसतो तसं नाही, आधीच हसले.

"दुपारी वारा पडला की धक्क्यावर या," तो म्हणाला. "तिघंही."

तो गेल्यावर प्रकाशनं शंका काढली, "एकदा वाहिलेला नारळ पुन्हा वाहता येतो का?"

"समुद्राला पोचलाच नाही, म्हणजे वाहिलाच नाही," मी म्हटलं. "नवीन फुलं आण."

बाहेरचा समुद्र

लगूनमधून बाहेर पडायला पुलाखालून एक अरुंद वाट आहे. आतलं आणि बाहेरचं पाणी तिथे भेटतं. एदगारची बोट साधी, सपाट, कामाची. खाली दोर, क्रेट आणि शेवाळाचा वास. लाइफ जॅकेट घालून आम्ही बसलो. प्रकाशनं नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. रुचा व्हिडिओ घ्यायला पुढच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

पुलाखालून निघालो तशी बोट उचलायला लागली. एदगार इंजिनाच्या आवाजात रुचाला काहीतरी ओरडून म्हणाला. ती वळली. "कॉमां?" म्हणजे काय म्हणालात? तो पुन्हा ओरडला. ती पुन्हा म्हणाली, "कॉमां?" तिचा चेहरा कोरा होता.

मला सगळे शब्द कळले असं मी म्हणणार नाही. 'लाट' कळला, 'डावीकडे' कळला, आणि त्याचा हात खाली दाबल्यासारखा हलताना दिसला.

"रुचा, खाली बस. डाव्या बाजूला. कठडा धर."

ती बसली. लाट टोकावरून आत आली आणि रुचा उभी होती ती जागा धुऊन गेली. ती नखशिखांत भिजली. फोन तिनं जॅकेटमध्ये कोंबला होता. एदगारनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि बोट वळवली.

पुढे पाणी मोकळं, गडद, मोठ्या श्वासासारखं वरखाली होणारं. मागे लाल कडे, त्यांच्यावर रंगीत घरं. एदगारनं इंजिन मंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. प्रकाशनं नारळ माझ्या हाती दिला. मी तो सोडला. त्यानं एक बुडी घेतली, वर आला, आणि या वेळी वाऱ्यानं त्याला योग्य बाजूला नेलं. दिसेनासा होईपर्यंत आम्ही बघत होतो. श्रीवर्धनला लहानपणी मी गर्दीत मागे उभी असायचे, मला कधी नारळ दिसायचाही नाही. इथे पहिल्या रांगेत होते.

येताना एदगार बोलत राहिला. पूर्वी कॉड किती मिळायचा, आता मसल्सवर कसं भागतं, आणि मुलगी काय शिकते. मी उत्तरं देत होते. ती व्हँकुव्हरला निघाल्याचं सांगितलं, सकाळी ती गप्प का होती असं त्यानं विचारलं, तर तेही सांगितलं, नियमासकट. मधेच रुचा माझ्या कानाशी आली.

"आई, व्हॉट डिड ही से?"

हे वाक्य आमच्या घरात इतकी वर्षं मी म्हणत आले.

"तुला नाही कळत?"

"आय डोंट गेट दिस ॲक्सेंट ॲट ऑल. हाउ आर यू डूइंग इट?"

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं. तिला फ्रेंच नेहमी सगळं कळतं. म्हणून एक शब्द निसटला की ती तिथेच अडते. मला कधीच सगळं कळलेलं नाही. अर्ध्यावरून पुढे जायचं, हात बघायचे, चेहरा वाचायचा, ही सवय मला आधीपासून आहे. लव्हालमध्ये ती सवय वापरायची वेळ कुणी मला दिली नव्हती.

धक्क्यावर ज्यानिन उभी होती, चादरवाली बाई होती, आणि आणखी पाचसहा माणसं. बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळ्यांना नारळाचं ऐकायचं होतं. मग मी उभ्या उभ्या पुन्हा सांगितलं, पाऊस, पौर्णिमा, बोटी, एदगारचं शेत. लिंगं चुकली, काळ चुकले. मधे एकानं शब्द सुचवला, मी तो घेतला आणि पुढे गेले. वाक्यं शेवटपर्यंत गेली. 'पेरू का?' इथे सगळे हसले, आणि ते मी सांगितलं म्हणून हसले. प्रकाश शेजारी उभा राहून प्रत्येकाशी हात मिळवत 'मेर्सी बोकू' म्हणत होता.

निघताना एदगारनं रुचाचा हात हातात घेतला आणि तिला काहीतरी विचारलं. गंभीरपणे विचारलं. रुचानं ऐकलं, आणि हळूच माझ्याकडे बघितलं.

"तो विचारतोय," मी म्हटलं, "तिकडे गेल्यावर आईला फोन करशील ना."

रुचाच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

"टेल हिम येस, आई."

मी सांगितलं.